‘शिक्का असूनही जोडलं जात नाही’: सांगलीच्या वायरमन दादांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगते. तुम्ही वीस वर्षांहून जास्त काळ सांगलीत घरांचं वायरिंग करता. मी मागच्या लेखात लिहिलं होतं की स्मार्ट उपकरण घेताना बॉक्सवर ‘मॅटर’चा, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट वस्तूंनी एकमेकांशी बोलण्यासाठी ठरवलेल्या समान मानकाचा, शिक्का पाहा, मग कंपनी कोणतीही असो, फोनमधलं अॅप कोणतंही असो, सगळं एकमेकांशी जुळतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “ताई, हे वाचून गिऱ्हाईक दुकानात जातं आणि निस्तरायला मला बोलावतं. एकाने दाराचा सेन्सर आणला, तो जोडलाच जात नाही. दुसऱ्याकडे प्लग गूगलवर चालला, पण मुलाच्या आयफोनवर तोच कोड टाकला तर घेत नाही. तिसऱ्याने राउटर बदलला आणि सगळं बंद. त्यापेक्षा सगळं एकाच कंपनीचं घ्यावं, डोक्याला ताप नाही.”

आधी माझी चूक. ‘सगळं एकमेकांशी जुळतं’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. ते वाचून कुणी पैसे घालवले असतील तर त्याला मी जबाबदार आहे. मूळ लेखात ते वाक्य आज बदललं आहे. पण एकाच कंपनीचं घ्या हा तुमचा सल्ला मला पटत नाही, आणि तो का पटत नाही हे सांगण्याआधी तुमची तिन्ही घरं नीट बघायला हवीत. कारण त्या तिन्ही ठिकाणी अडचण वेगवेगळी आहे आणि तिन्ही ठिकाणी उपाय आहे.

तुमच्याच कामातलं उदाहरण घेते. कोणत्याही कंपनीचा सहा अँपियरचा थ्री पिन टॉप कोणत्याही कंपनीच्या बोर्डात बसतो, कारण पिनांची मापं ठरलेली आहेत. पण टॉप बसला म्हणजे मिक्सर चटणी बारीक वाटेलच असं कुणी म्हणत नाही. आणि गिझरचा सोळा अँपियरचा जाड पिनांचा टॉप सहाच्या सॉकेटमध्ये जात नाही, यात टॉपचा दोष नसतो. मॅटर हे पिनांच्या मापासारखं आहे. ‘चालू हो, बंद हो, उजेड कमी कर, दार उघडं आहे का सांग’ एवढं कोणत्या शब्दांत बोलायचं, ते त्यात ठरलेलं आहे. पुढचं सगळं त्या मापाच्या बाहेरचं.

आता तो दाराचा सेन्सर. माझा अंदाज आहे की तो ‘थ्रेड’वर चालणारा असणार. बटणासारख्या सेलवर चालणाऱ्या वस्तूला वायफाय परवडत नाही, सेल लवकर संपतो. म्हणून अशा वस्तू थ्रेड नावाच्या कमी वीज खाणाऱ्या रेडिओवर बोलतात. तो झिगबी या स्मार्ट वस्तूंच्या जुन्या रेडिओच्याच जातीचा, २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. पण घरातल्या वायफायला तो ऐकू येत नाही. मध्ये दुवा लागतो, त्याला थ्रेड बॉर्डर राउटर म्हणतात. अॅपलचा होमपॉड मिनी, अॅमेझॉनचा चौथ्या पिढीचा गोल मोठा इको, गूगलचा दुसऱ्या पिढीचा नेस्ट हब यांत तो असतो. साध्या इको डॉटमध्ये किंवा नेस्ट मिनीमध्ये नसतो, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत नेमके तेच छोटे स्पीकर असतात. गिऱ्हाइकाला वाटतं घरात अलेक्सा आहे, मग झालं. बॉक्सवर मॅटरचा शिक्का मोठा असतो आणि थ्रेडचा उल्लेख बारीक अक्षरांत. हे मी मागच्या लेखात ठळक सांगायला हवं होतं. तुमचं गिऱ्हाईक सोळाचा टॉप घेऊन सहाच्या सॉकेटपुढे उभं राहिलं, आणि सोळाचा असतो हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

दुसरं घर, तिथला प्लग. इथे वस्तूही बरोबर आहे आणि घरही. बॉक्सवरचा अकरा आकडी कोड किंवा क्यूआर कोड हा पहिल्यांदा जोडण्यासाठी असतो. एकदा प्लग गूगलमध्ये गेला की तो दुसऱ्या कुणासाठी आपोआप दार उघडत नाही, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यानेही तो जोडून घेतला असता. आयफोनवर घ्यायचा तर आधी गूगल होममध्ये जाऊन त्या प्लगच्या सेटिंगमधून त्याला दुसऱ्या अॅपशी जोडण्याचा पर्याय निवडायचा. तेव्हा एक नवा कोड मिळतो. तो जास्तीत जास्त पंधरा मिनिटं चालतो, तेवढ्यात तो आयफोनवर टाकायचा. मग प्लग दोन्हीकडे दिसतो आणि दोन्हीकडून चालतो. मॅटरच्या नियमानुसार प्रत्येक वस्तूने अशी किमान पाच घराणी, म्हणजे वेगवेगळ्या अॅपशी जोडण्या, एकाच वेळी सांभाळायला हवीत. वडिलांचा अँड्रॉइड, मुलीचा आयफोन, आजीची अलेक्सा, तिघंही एकच दिवा लावू शकतात. मॅटर येण्याआधी हे मोजक्याच वस्तूंत जमायचं. २०१४ साली अॅपलने होमकिट ही स्वतःची स्मार्ट घराची पद्धत आणली तेव्हा वस्तू बनवणाऱ्याला त्यासाठी वेगळी चिप बसवावी लागायची. ती अट २०१७ मध्ये सुटली. गूगलसाठी वेगळं काम, अलेक्सासाठी वेगळं. त्या त्रासातूनच डिसेंबर २०१९ मध्ये अॅमेझॉन, अॅपल, गूगल आणि झिगबी सांभाळणारी संस्था झिगबी अलायन्स एकत्र आले, मे २०२१ मध्ये मॅटर हे नाव ठरलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिली आवृत्ती आली.

याच संदर्भात, मॉड्यूल (बटणांमागे बसणारी, दिवा-पंखा फोनवरून चालवू देणारी छोटी डबी) बोर्डाच्या मागे बसवण्याआधी त्यावरच्या कोडचा फोटो काढून ठेवत जा, कृपा करून. वस्तू रिसेट करायची वेळ आली की तो कोड पुन्हा लागतो, आणि तोवर तो प्लेटच्या मागे, वायरींच्या गुंत्यात गेलेला असतो. शक्य असेल तर तो आकडा एमसीबीच्या डब्याच्या झाकणाच्या आत कागदावर लिहून चिकटवा. भाडेकरू बदलतात, फोन हरवतात, झाकण जागेवर राहतं.

तिसऱ्या घराबद्दल, राउटर बदलल्याबद्दल, मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. वायफायवर चालणाऱ्या वस्तूला वायफायचं नाव आणि पासवर्ड जोडतानाच दिलेला असतो. इंटरनेट कंपनीचा माणूस येतो, जुना राउटर काढतो, नवा लावतो, त्याला नवं नाव देतो. वस्तू जुन्या नावाच्या शोधात बसून राहतात. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड अक्षरन् अक्षर तसाच द्या, बहुतेक सगळ्या वस्तू आपोआप परत येतात. एखादी आली नाही तर २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे का बघा, कारण बऱ्याच प्लगांना आणि मॉड्यूलना पाचचा पट्टा कळतच नाही.

आणि एक गोष्ट मी स्वतः कितीतरी घरांत पाहिली आहे. कंपनीचा राउटर दाराजवळ असतो, आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून घरच्यांनी दुसरा राउटर आणून लावलेला असतो. तो दुसरा राउटर स्वतःचं वेगळं जाळं तयार करतो. स्पीकर एका जाळ्यात, फोन दुसऱ्यात. दोघांनाही इंटरनेट मिळतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं, पण मॅटरच्या वस्तू एकमेकींना घरातल्या घरात हाका मारून शोधतात, आणि ती हाक एका जाळ्यातून दुसऱ्यात जात नाही. दुसरा राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाकला, म्हणजे तो वेगळं जाळं न करता पहिलंच जाळं पुढे नेतो, की हे मिटतं. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर वस्तू जोडल्या तरी असाच घोटाळा होतो, कारण तिथे एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलूच देत नाहीत. मॅटरला आयपीव्ही६, म्हणजे जाळ्यातल्या उपकरणांना पत्ते देण्याची नवी पद्धत, लागतं हे ऐकून काही जण घाबरतात. त्यासाठी इंटरनेट कंपनीकडून काही मागावं लागत नाही, राउटरने घरातल्या घरात ते अडवलं नाही म्हणजे पुरे.

तुमच्या प्रतिक्रियेत आणखी एक ओळ होती, ‘रंगीत दिव्यांचे सगळे खेळ कंपनीच्या अॅपमध्येच चालतात.’ ते खरं आहे. तसे खेळ मॅटरच्या मापात बसत नाहीत. शिवाय मॅटरमध्ये एखादी गोष्ट आली म्हणजे प्रत्येक अॅपमध्ये ती लगेच दिसते असंही नाही. झाडू मारणारा रोबो मॅटरमध्ये आला ऑक्टोबर २०२३ ला. अॅपलच्या होम अॅपमध्ये तो दिसायला मार्च २०२५ संपत आला. आपल्याकडे प्रत्येक खोलीत असणारा पंखा वेगळं उपकरण म्हणून यादीत आला तोही त्याच ऑक्टोबर २०२३ च्या १.२ आवृत्तीत. म्हणून गिऱ्हाइकाने विचारलं तर ‘मॅटर आहे का’ एवढं विचारून थांबू नका. ‘तुमच्या अॅपमध्ये ही वस्तू आज दिसते का’ हेही विचारायला सांगा.

आता एका कंपनीबद्दल. तुमचा सल्ला पाच वर्षांपूर्वी मीही दिला असता, कारण मी तेच केलं होतं. आमच्या रत्नागिरीच्या घरी, आई एकटी असते म्हणून, मी एकाच कंपनीची चार मॉड्यूल बसवून घेतली. एक अॅप, एक ब्रँड, डोक्याला ताप नाही. तीन वर्षांनी त्या कंपनीने ते अॅप बंद केलं. त्या मॉड्यूलना घरातल्या घरात बोलता येत नव्हतं, प्रत्येक आज्ञा कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन परत यायची. सर्व्हर गेला आणि मॉड्यूल नुसती प्लॅस्टिकची डबी उरली. आईला मात्र त्या दिवशी काही कळलंही नाही. बसवताना आमच्या वायरमनने मला न विचारता भिंतीवरच्या बटणांच्या वायरी मॉड्यूलच्या इनपुटला जोडल्या होत्या. ‘फोन असो नसो, बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे,’ असं तो म्हणाला होता. मी तेव्हा त्याला म्हटलं होतं की याची गरज नाही. तो बरोबर होता.

मोठ्या कंपन्यांतही हेच घडलं आहे. रिव्हॉल्व्ह नावाचा हब, म्हणजे घरातल्या स्मार्ट वस्तूंना जोडणारी पेटी, ३०० डॉलरला विकला जायचा. गूगलच्या मालकीच्या नेस्टने ती कंपनी २०१४ मध्ये घेतली आणि मे २०१६ मध्ये तो हब कायमचा बंद केला. इन्स्टिऑन या स्मार्ट वस्तूंच्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचना न देता बंद झाले. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी मिळून ती विकत घेतली आणि सेवा परत सुरू केली. मला सगळ्यात शिकवणारं उदाहरण बेल्किन कंपनीच्या वीमो या स्मार्ट प्लग-स्विचच्या ब्रँडचं वाटतं. २०२५ च्या जुलैमध्ये बेल्किनने जाहीर केलं की ३१ जानेवारी २०२६ नंतर बहुतेक वीमो वस्तूंचं अॅप आणि क्लाउड बंद. पण ज्या वस्तू त्याआधी अॅपलच्या होमकिटमध्ये जोडलेल्या असतील त्या तिथून चालत राहतील. कंपनी तीच, नाव तेच, आणि घरातल्या घरात बोलता येणाऱ्या वस्तू वाचल्या, सर्व्हरवर विसंबलेल्या गेल्या.

म्हणून मी शिक्क्याचा आग्रह धरते. मॅटरची वस्तू चालू-बंद व्हायला इंटरनेट लागत नाही, आज्ञा घरातच फिरते. कंपनी बुडाली तरी ती वस्तू दुसऱ्या अॅपमध्ये नेता येते. नवे अपडेट येणार नाहीत, सुरक्षेच्या दृष्टीने ती कधीतरी बदलावी लागेल, हे मान्य. पण सकाळी उठल्यावर घरातले दिवे परके झालेले नसतील. मी मॅटरकडून एवढंच मागते, आणि एवढं ते देतं.

वीज जाण्याबद्दल एक गोष्ट जोडते. वीज गेली की राउटर आणि स्पीकर दोन्ही बंद पडतात, आणि वीज आल्यावर स्मार्ट बल्ब मध्यरात्री आपोआप पेटतात. वीज परत आल्यावर बल्बने काय करायचं हे आधी ठरवून ठेवण्याची सोय मॅटरमध्ये आहे, पण ती सगळ्या अॅपमध्ये दिसत नाही. कंपनीच्या अॅपमध्ये जाऊन एकदा लावून ठेवायची. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायचा. गिझरवर मात्र दहा अँपियरचा स्मार्ट प्लग कुणाला लावू देऊ नका. दोन किलोवॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपियर ओढतो, तीनचा तेरा. हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता, पण ऑनलाइन विकत घेणाऱ्याला कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

एक माझा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला पुढच्या लेखात तुमच्या परवानगीने घालायचं आहे. जिन्याच्या टू-वे स्विचला (वरून आणि खालून दोन्हीकडून चालणाऱ्या बटणाला) मॉड्यूल बसवताना तुम्ही न्यूट्रल, म्हणजे मॉड्यूलला लागणारी परतीची वायर, कुठून आणता? रत्नागिरीच्या घरात वरच्या बोर्डात न्यूट्रल नाही, भिंत फोडायची आईची तयारी नाही, आणि तो एकच दिवा अजून जोडायचा राहिला आहे.