अल्फा सेन्टॉरी नव्याने बनवा, पण त्या सात जणांना हात लावू नका

फेब्रुवारी १९९९ मध्ये आलेला एक स्ट्रॅटेजी कॉम्प्युटर गेम मी अजून खेळते. ‘सिड मायर्स अल्फा सेन्टॉरी’. नाव सिड मायर या गेम-डिझायनरचं असलं, तरी रचना मुख्यतः ब्रायन रेनॉल्ड्सची. आजच्या स्क्रीनवर त्याची अक्षरं मुंगीएवढी दिसतात, जमीन मातकट, युनिट म्हणजे ठोकळे. तरी महिन्यातली एखादी रात्र त्यात जातेच. इतक्या जुन्या गेमांचे रिमेक निघाले, याचा का निघत नाही, हे मला कितीतरी वर्षं खुपतंय. आज एकदाचं सगळं लिहून टाकते.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०६० साली संयुक्त राष्ट्रांचं ‘युनिटी’ नावाचं जहाज पृथ्वी सोडून अल्फा सेन्टॉरी या ताऱ्याकडे निघतं. पोहोचता पोहोचता जहाजात बिघाड होतो, कॅप्टनचा खून होतो आणि उरलेली माणसं सात गटांत फुटतात. सात यानं वेगवेगळ्या ठिकाणी उतरतात आणि २१०० सालापासून आपला डाव सुरू होतो. एक टर्न, म्हणजे एक खेळी, एका वर्षाची.

हे गट देशांवरून पडत नाहीत, ही यातली पहिली मोठी गोष्ट. ते विचारांवरून पडतात, आणि प्रत्येक गटाला एक नेता असतो. झाखारोव्हला ज्ञान हवंय आणि त्याच्या आड काहीही आलेलं त्याला चालत नाही. मॉर्गनला व्यापार हवाय. सँतियागोचा भरवसा फक्त शस्त्रावर. यांगला माणसांचं शिस्तीत चालणारं पोळं हवंय. मिरियमसाठी सगळ्याच्या वर श्रद्धा. डिअर्ड्राला या नव्या ग्रहाशी जुळवून घ्यायचंय. आणि प्रवीण लाल, जहाजावरचा भारतीय डॉक्टर, आता अस्तित्वातच नसलेल्या संयुक्त राष्ट्रांची सनद उराशी धरून बसलाय. १९९९ च्या गेममध्ये भारतीय माणूस नेता म्हणून दिसला आणि त्याला कुणी गारुडी किंवा महाराजा केलं नव्हतं, हे तेव्हाही मला फार वाटलं होतं. सगळ्या गटांच्या परिषदेच्या निवडणुकीत त्याची मतं दुप्पट धरली जातात, आणि पोलिसी राज्य हा पर्याय त्याला निवडताच येत नाही. त्याचा स्वभाव गेमच्या नियमांतच लिहिलेला आहे.

मी आणि दादा एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायचो. तो कायम मॉर्गन, मी कायम डिअर्ड्रा. यात सरकार कसं असावं हे तुकड्या-तुकड्यांनी ठरवायचं असतं: राज्यपद्धती वेगळी, अर्थव्यवस्था वेगळी, मूल्यं वेगळी. दादा मुक्त बाजारपेठ घ्यायचा. पैसा धो धो यायचा, पण सैन्य हद्दीबाहेर पाठवलं की तळांवर, म्हणजे वसाहतींत, लोक बिथरायचे आणि ग्रहाशी असलेलं नातं पार बिघडायचं. माझ्या डिअर्ड्राला मुक्त बाजारपेठ घेण्याची सोयच नव्हती. मी हरित अर्थव्यवस्था घ्यायचे, आणि माझी वाढ इतकी संथ व्हायची की दादा तीन गुप्त प्रकल्प (जो आधी उभारेल त्यालाच मिळणारी मोठी कामं) उरकायचा तेव्हा माझा एक होत आलेला असायचा. आम्ही यावरून खरोखर भांडलो आहोत. कॉम्प्युटर बंद झाल्यावरही. माणसाला आधी पोटाला हवं की आधी हवा-पाणी हवं, हा वाद आमच्यात त्या वयात झाला तो या गेममुळे. आम्हाला कुणी शिकवत नव्हतं. समोर आकडे होते आणि आकड्यांमागे माणसं होती.

आणि त्या माणसांचे आवाज! नवं तंत्रज्ञान सापडलं की कुणीतरी दोन-चार वाक्यं बोलतं. कधी या सातांपैकी एखादा नेता, कधी एखादा जुना तत्त्वज्ञ. पहिल्यांदा एखादी इमारत बांधली की पुन्हा एक आवाज. कुणी समोर बसून गोष्ट सांगत नाही. तुकडे कानावर पडत राहतात आणि शंभर-दीडशे टर्न गेल्यावर लक्षात येतं की ही माणसं आपल्याला ओळखीची झाली आहेत. मिरियमचंच बघा. डावात ती सगळ्यांत त्रासदायक शेजारीण. संशोधनात मागे, हल्ल्यात पुढे, कारण नसताना अंगावर येणारी. पण उत्तरार्धात, जेव्हा आपण माणसाच्या मनाला आणि देहाला यंत्रासारखं उघडून बसवायला लागतो, तेव्हा मधूनच तिचा आवाज येतो आणि ती जे विचारते त्याला माझ्याकडे उत्तर नसतं. जिच्याशी मी शंभर वर्षं लढले, तिचंच म्हणणं मला पटायला लागतं. एवढं मला दुसऱ्या कुठल्याही स्ट्रॅटेजी गेमने दिलेलं नाही.

आता ग्रहाबद्दल, कारण खरा आठवा खेळाडू तोच आहे.

या गेममधल्या जमिनीला उंची आहे, आणि ती नुसती दाखवायला नाही. वारा पश्चिमेकडून वाहतो. डोंगराच्या पश्चिम उतारावर पाऊस पडतो, पूर्वेची बाजू कोरडी राहते. उंचावर सौरऊर्जा जास्त मिळते. आणि टेराफॉर्मर, म्हणजे जमीन घडवणारी यंत्रं, लावून तुम्ही जमीन उचलू शकता, म्हणजे एक नवी डोंगररांग उभी करून पूर्वेच्या शेजाऱ्याचा पाऊस अडवू शकता. युद्ध पुकारायची गरज नाही. मी हे एकदा यांगच्या बाबतीत केलं होतं. त्याची हिरवी जमीन टर्नागणिक पिवळी पडत गेली आणि मी बघत बसले. जिंकले, पण तो डाव मला अजून आठवतो तो जिंकले म्हणून नाही.

ग्रहावर सगळीकडे झेनोफंगस नावाची लालसर बुरशी पसरलेली असते, आणि तिच्यातून माइंड वर्म निघतात. माणसाच्या मनात भीती पेरून त्याला संपवणाऱ्या अळ्या. त्यांच्याशी लढताना तुमची तोफ किती भारी आणि चिलखत किती जाड, याला शून्य किंमत. तिथे सैनिकाचं मनोबल मोजलं जातं. तुम्ही कारखाने वाढवले, खनिजं उपसली, की बुरशी तळाच्या दारात उगवते आणि अळ्यांचे थवे चालून येतात. त्याहून पुढे गेलात तर समुद्राची पातळी वाढते. किनाऱ्यावरचे तळ खरंच पाण्याखाली जातात. मग परिषदेत ठराव मांडता येतो: अवकाशात सौर पडदा सोडून ग्रह थंड करायचा का? याच परिषदेत बरोबर उलटा, ध्रुवांवरचा बर्फ वितळवण्याचा ठरावही मांडता येतो. आणि एखाद्याने सनद रद्द करायचा ठराव मंजूर करून घेतला, तर विषारी वायू वापरण्याला शिक्षाच उरत नाही. हे सगळं १९९९ मध्ये! आजच्या किती गेममध्ये हवामान हा खेळाचा कणा आहे ते सांगा.

एक छोटी गोष्ट मला विशेष आवडते. खऱ्या आकाशात अल्फा सेन्टॉरी ए आणि बी हे दोन तारे साधारण ८० वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. गेममध्येही दुसरा तारा जवळ येण्याचा काळ ८० वर्षांच्या चक्राने येतो, आणि तेव्हा ग्रहावरचं जीवन चवताळतं. खेळताना कुणी याकडे बघतही नाही. पण कुणीतरी बसून हे जुळवलं होतं. त्या वेळी त्या ताऱ्यांजवळ एकही ग्रह माहीत नव्हता. त्यांच्या शेजारच्या ताऱ्याभोवतीचा प्रॉक्सिमा बी हा ग्रह सापडला २०१६ मध्ये.

‘बियाँड अर्थ आहे ना’, असं मला नेहमी ऐकवलं जातं. अल्फा सेन्टॉरी बनवणाऱ्या फिरॅक्सिस स्टुडिओनेच २०१४ मध्ये तो गेम काढला. मी तो पहिल्या दिवशी घेतला आणि मनापासून खेळले. त्यातलं जाळ्यासारखं पसरणारं तंत्रज्ञान मला आवडलं, उपग्रहांची कल्पनाही चांगली होती. पण त्यातले नेते मला आठवत नाहीत. तिथे सुसंवाद, शुद्धता आणि वर्चस्व असे तीन मार्ग आहेत आणि कुठलाही नेता कुठल्याही मार्गाने जाऊ शकतो. म्हणजे माणूस आधी कोरा, आणि विचार नंतर अंगावर चढवायचा. अल्फा सेन्टॉरीत उलट आहे. तिथे विचार हाच माणूस. मॉर्गनला हरित अर्थव्यवस्था घेता येते, पण तो ती घेतो तेव्हा आपल्याला धक्का बसतो, कारण आपण त्याला ओळखतो. रिमेक करणाऱ्यांनी एवढं एक समजून घेतलं तरी माझं अर्धं मागणं पूर्ण झालं.

आता दुरुस्त काय करायचं, तर बरंच काही. मी आंधळी भक्त नाही. शंभर टेराफॉर्मर झाले की प्रत्येक टर्नला त्यांना एकेक करून हलवायचं, हा छळ आहे. आणि स्वयंचलित मोडवर टाकले तर ते आपल्याच चांगल्या जमिनीची वाट लावतात. मेनूत मेनू आणि त्यात मेनू. हेलिकॉप्टर मिळाली की युद्धात काही राम उरत नाही, एकाच टर्नमध्ये चार-चार हल्ले. सप्लाय क्रॉलर, म्हणजे माल वाहणाऱ्या गाड्या, रांगेने बनवून गुप्त प्रकल्पात ओतायचे, ही युक्ती कळल्यावर शर्यत संपते, कारण कॉम्प्युटर खेळाडूला ते क्रॉलर नीट वापरता येत नाहीत. त्याचं सगळ्यात मोठं दुखणं हेच. त्याला स्वतःचा गेम खेळता येत नाही. चाहत्यांनी ‘थिंकर’ नावाचा मॉड, म्हणजे गेमवर चढवायचा बदल, बनवून यावर बराच इलाज केलाय. तो लावून मी पहिल्यांदा यांगकडून सपाटून हरले, आणि त्या रात्री मला कळलं की या रचनेत किती दम होता. तो आम्हाला इतकी वर्षं अर्धाच दिसत होता. म्हणून माझं म्हणणं आहे की रिमेकचा पैसा आधी कॉम्प्युटरच्या डोक्यावर खर्च करा, मग चित्रांवर.

चित्रांचंही सांगते. गेम उजळ, गुळगुळीत आणि गोजिरा करू नका. तो ग्रह परका वाटला पाहिजे. जमिनीचा तो गंजका रंग, त्यावरची बुरशी, तळांचे एकाकी दिवे, हे राहू दे. उंची मात्र आज किती सुंदर दाखवता येईल! डोंगर उचलला की ढग अडताना दिसावेत, पलीकडची जमीन सुकताना दिसावी. जे आज आकड्यांत वाचावं लागतं ते डोळ्यांना दिसावं.

आवाज मात्र पुन्हा रेकॉर्ड करू नका. एक शब्दही नको. हवं तर ते स्वच्छ करा, खाली मजकूर द्या, ऐकलेलं परत ऐकायची सोय करा. पण झाखारोव्हचा तो थकलेला, गर्विष्ठ स्वर दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून आला तर तो माझ्यासाठी झाखारोव्ह नसेल.

असे रिमेक होतात, हे आपण पाहिलंय. २०१२ मध्ये फिरॅक्सिसनेच १९९४ चा एक्स-कॉम नव्याने बनवला. चालींचा जुना किचकट हिशोब काढून प्रत्येक सैनिकाला दोन कृती दिल्या. जुने खेळाडू धास्तावले होते, पण आपला माणूस मेला की पोटात पडणारा खड्डा त्यांनी जसाच्या तसा ठेवला. २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने कमांड अँड काँकर नव्याने आणला, तो मूळ गेम बनवणाऱ्या वेस्टवुडमधली माणसं असलेल्या पेट्रोग्लिफला हाताशी धरून. एक बटण दाबलं की जुनं चित्र, पुन्हा दाबलं की नवं. मॉड करणाऱ्यांसाठी त्यांनी सोर्स कोडही, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रामही, खुला केला. दुसऱ्या बाजूला हीरोज ३ या जुन्या गेमची एचडी आवृत्ती २०१५ मध्ये आली ती नंतर जोडलेल्या विस्तारांशिवाय, कारण विस्तारांचा सोर्स कोडच हाती राहिला नव्हता. हे वाचलं तेव्हा पोटात गोळा आला होता. जुनी वस्तू सांभाळणारं कुणी नसेल तर ती अशीच जाते.

अल्फा सेन्टॉरीची गाठ वेगळी आहे. बनवणारा स्टुडिओ फिरॅक्सिस २००५ पासून टेक-टू या कंपनीकडे, आणि गेम प्रकाशित केला होता इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने, हक्क त्यांच्याकडे. एकाकडे हात, दुसऱ्याकडे नाव. रेनॉल्ड्स तर २००० मध्येच बाहेर पडला होता. मला कंपन्यांच्या वाटाघाटी कळत नाहीत, पण या दोघांनी एकदा एका टेबलाशी बसावं असं मला अगदी मनापासून वाटतं. आणि ते होणारच नसेल, तर निदान सोर्स कोड खुला करा. इतकी वर्षं कोडशिवाय गेम जिवंत ठेवणारी माणसं पुढचं बघून घेतील.

काल रात्रीचा डाव अर्धा आहे. साल २२३४. या वेळी मी लालचा गट घेतलाय. पाणी चढतंय, माझे तीन तळ किनाऱ्यावर आहेत, आणि सौर पडद्याचा ठराव परिषदेत मंजूर करून घ्यायला मला मॉर्गनची मतं हवी आहेत. त्याने बदल्यात जे तंत्रज्ञान मागितलंय, ते दिलं तर वीस वर्षांत तो माझ्यावरच चालून येईल हे मला माहीत आहे. दादाला स्क्रीनचा फोटो पाठवून विचारलं, काय करू? त्याचं उत्तर आलं: ‘दे. पण तळ आधी उंचावर हलव.’