प्लंबिंगला ‘१० टक्के’ ठेवा म्हणणाऱ्यांना

‘किचन नवीन करताय? प्लंबिंगचं टेन्शन नको!’ अशा सुरुवातीचा एक सल्ला सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच. एकूण बजेटचे १० टक्के प्लंबिंगला काढा. जुनी लाइन चालू असेल तर तिला हात लावू नका. सिंक हवं तिकडे सरकवा, दोन एल्बो आणि थोडा पाइप एवढाच खर्च. काम मटेरियलसकट ठोक देऊन टाका, म्हणजे डोक्याला ताप नाही. आणि नळ मात्र भारीतला घ्या. यातला एक मुद्दा अर्धा बरोबर आहे. बाकीच्यांनी बजेट कोलमडतं.

आधी टक्के. एकाच विंगमधले वर-खाली दोन फ्लॅट घ्या. समजा एकाने ग्रॅनाइटचा ओटा आणि लॅमिनेटची शटर्स केली, किचन ३ लाखांत बसलं. दुसऱ्याने क्वार्ट्‌झ, अ‍ॅक्रिलिक शटर्स, चिमणी, हॉब असं सगळं घेतलं, ८ लाख झाले. दोघांनाही सिंकला गार आणि गरम पाणी हवंय, आरओला एक पॉइंट हवाय, डिशवॉशरची सोय हवीय. या हिशेबाने पहिल्याने ३० हजार ठेवायचे आणि दुसऱ्याने ८० हजार. भिंत तीच, पाइप तोच, डक्टपर्यंतचं अंतर तेच. मग वरचे ५० हजार कशाचे? शटरच्या चकाकीचे? उलटही होतं. जुन्या इमारतीत साधं, स्वस्तातलं किचन करायला घेतलं आणि लाइनच पूर्ण बदलायची निघाली, तर दहाचे पंचवीस टक्के व्हायला वेळ लागत नाही.

अशी टक्केवारी अमेरिकेतल्या घरांवरच्या लेखांत सर्रास दिसते. तिथल्या बऱ्याच घरांत आतल्या भिंती लाकडी चौकटीच्या, वर जिप्समचे बोर्ड. बोर्ड कापला की पाइप हाताशी. आपल्याकडे वीट, ब्लॉक नाहीतर थेट आरसीसी. कटरने झिरी मारायची, छिन्नी-हातोडीने खोल करायची, पाइप बसवायचा, सिमेंटने बुजवायचं, मग टाइल. पाइपापेक्षा भिंतीची मजुरी जास्त. म्हणून टक्के सोडा आणि पॉइंट मोजा. प्लंबरही बहुधा पॉइंटवरच भाव सांगतो. सिंकचा गार, सिंकचा गरम, आरओ, डिशवॉशर, ओट्याखाली छोटा गीझर बसवणार असाल तर त्याचे दोन, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन असेल तर तेही. प्रत्येकापुढे मुख्य लाइनपासूनचं अंतर फुटांत लिहा आणि तोच कागद दोघा-तिघांना दाखवून भाव घ्या. सगळ्यांना एकच कागद दाखवला नाही, तर आलेले भाव एकमेकांशी ताडताच येत नाहीत.

‘चालू लाइनला हात लावू नका.’ हा तो अर्धा बरोबर मुद्दा. लाइन दहा-बारा वर्षांपूर्वीची सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणारा प्लास्टिकचा पाइप) असेल, जोड कोरडे असतील आणि पॉइंटच्या जागा बदलणार नसाल, तर खरंच राहू द्या. उगाच भिंत फोडायला लावणारा प्लंबरही असतो. पण १९८०-९०च्या सुमारास बांधलेल्या इमारतीत भिंतीच्या आत बहुतेक वेळा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइपच निघतो. जस्ताचा थर संपला की लोखंड आतून गंजतं, पापुद्रे साचतात आणि अर्धा इंची पाइपात पाण्याला जेमतेम वाट उरते. बाहेरून काही कळत नाही. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं का बघा. सिंकचा नळ पूर्ण सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते बाथरूमच्या नळाशी ताडून बघा. आणि सर्वांत मोठी गंमत जुना नळ काढताना होते: पाना फिरवला की गंजलेले आटे भिंतीतल्या एल्बोपाशी मोडतात आणि ‘चालू’ लाइन त्याच क्षणी बंद पडते. ओटा उखडलेला असताना हे झालं तर खर्च पाइप, फिटिंग आणि मजुरीचा. हेच दोन वर्षांनी झालं तर डाडोच्या (ओट्यामागच्या भिंतीवरच्या) टाइल्स फुटतात, ट्रॉल्या बाहेर निघतात, आणि त्याच शेडची टाइल दुकानात मिळेलच असं नाही. थोडक्यात, जीआय लाइन बदलायला सगळ्यात स्वस्त मुहूर्त म्हणजे ओटा तोडलेला असतो तोच आठवडा.

बदलायचीच तर अर्धवट नको. जुन्या जीआयच्या तुकड्याला पुढे नवा सीपीव्हीसी जोडला की बिल कमी दिसतं, पण नळाला पाणी त्या गंजक्या तुकड्यातून निघेल तेवढंच येणार. स्टॉप कॉकपर्यंत (लाइनचं पाणी बंद करायच्या चावीपर्यंत) नवी लाइन न्या. कोटेशनमध्ये नुसतं ‘सीपीव्हीसी’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. पाइपवर आयएस १५७७८ छापलेलं असतं, शिवाय एसडीआर (पाइपाचा व्यास भागिले त्याची जाडी) ११ की १३.५ तेही. आकडा मोठा तेवढा पाइप पातळ आणि स्वस्त. दोन कोटेशनमधला फरक पुष्कळदा इथेच लपलेला असतो. गरम पाण्याच्या पॉइंटला पांढरा यूपीव्हीसी लावून देणारेही भेटतात. तो पाइप गार पाण्याचा.

आता सिंक सरकवणं. इथे सल्ला देणाऱ्याने फक्त येणाऱ्या पाण्याचा विचार केलेला आहे. ते दाबाने येतं, वर-खाली, डावी-उजवीकडे कुठूनही वळवा. सांडपाणी मात्र उताराशिवाय हलत नाही. फुटाला पाव इंच हा नेहमीचा उतार धरला तर सिंक ८ फूट सरकवल्यावर पाइपाचं एक टोक दुसऱ्यापेक्षा २ इंच खाली हवं. हा पाइप स्लॅबमध्ये खोदून टाकता येत नाही, म्हणून तो ओट्याखालून भिंतीलगत जातो आणि वाटेतल्या प्रत्येक ट्रॉलीची मागची जागा खातो. म्हणजे मॉड्युलरवाल्याचं मापही बदललं, आणि तो खर्च प्लंबिंगच्या रकान्यात कुणीच लिहीत नाही. मधे दार आलं तर विषयच संपला. उतार मारून कसंबसं जमवलं तर तूप-तेलाचं खरकटं त्या पाइपात थिजतं आणि दर दोन महिन्यांनी सिंक तुंबतं. जुन्या घरातली मोरी काढून तिथे सिंक घेणं त्या मानाने सोपं, कारण नहाणी ट्रॅप आणि आउटलेट जागेवरच असतात. पण मोरीचा ट्रॅप नीट बंद केला नाही, तर वास किंवा ओल, दोन्हीपैकी एक ठरलेलं. किचन दुसऱ्या खोलीत न्यायचं असेल तर आधी सोसायटीला लेखी विचारा. खालच्याच्या बेडरूमवर आपली ओली जागा येणार असेल तर नकारच गृहीत धरा.

सिंक आणि शेगडीची अदलाबदल करायची असेल तर आणखी एक रक्कम धरा. पाइप गॅसची लाइन घरच्या प्लंबरने हलवायची नसते. मुंबईत महानगर गॅस, पुण्यात एमएनजीएल, त्यांच्याकडे अर्ज करून त्यांच्याच माणसाकडून ते काम करून घ्यायचं, त्याचे पैसे वेगळे आणि तारीखही त्यांची. ती लाइन टाइलच्या आतही दडवायची नाही.

‘ठोक द्या.’ द्या की, पण ठोकमध्ये काय काय आहे ते लिहून घ्या. तोडफोड कोणाची? राडारोडा गोण्यांत भरून खाली कोण नेणार, आणि सोसायटी लिफ्ट देणार का? झिऱ्या बुजवायच्या प्लंबरने की गवंड्याने? ‘सिव्हिल (म्हणजे गवंडीकाम) वेगळं’ आणि ‘जीएसटी एक्स्ट्रा’ हे दोन शब्द कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत असतात. त्यातला दुसरा एकटाच १८ टक्क्यांचा आहे. डिशवॉशर घेणार असाल तर त्याचा १६ अँपियरचा पॉइंट इलेक्ट्रिशियनच्या यादीत गेला का, तेही बघा. बऱ्याच जुन्या इमारतींत फ्लॅटला स्वतंत्र व्हॉल्व्ह नसतो. मग काम करताना अख्ख्या विंगचं पाणी बंद करावं लागतं, सेक्रेटरींना विचारून, दुपारच्या दोन-तीन तासांत. त्यात प्लंबरचे दोन-तीन हेलपाटे वाढतात आणि बिलही. या कामात पहिल्यांदा स्वतःचा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

भारीतल्या नळाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. वरच्या मजल्यावर टाकीतल्या पाण्याची पातळी नळापासून ३ मीटरवर असेल तर दाब मिळतो ०.३ बार. काही पुल-आउट मिक्सरना त्याहून जास्त लागतो. खोक्यावर किमान दाब लिहिलेला असतो, तो घेण्याआधी वाचायचा. टँकर किंवा बोअरचं जड पाणी असेल तर नळ कितीही महाग असो, जाळीत क्षार साचणारच.

त्या सल्ल्यात नसलेली एक गोष्ट मात्र बजेटमध्ये हवी, ती म्हणजे टेस्टिंग. टाइल लागण्याआधी लाइनला हँड पंप लावून दाब द्यायचा आणि दाबाचा काटा खाली येत नाही ना, ते पाहायचं. टेप भिंतीला धरून पाइपांचे फोटो काढून ठेवायचे, म्हणजे पुढे ड्रिल मारणारा फसत नाही. प्लंबर याचे थोडे पैसे जास्त मागेल, द्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सिंक किंवा शौचालयातून होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च फ्लॅटधारकाचा, सोसायटीचा नव्हे. खालच्या काकांच्या छताला डाग पडला तर दुरुस्ती आपली, आणि त्यांचा रंगही बहुधा आपल्याच गळ्यात. त्यामुळे प्लंबरचा शेवटचा हप्ता टाइल लागल्या दिवशी देऊन टाकू नका. सिंक महिनाभर रोज वापरून होऊ द्या, खालच्या काकांना छत बघायला सांगा, मग द्या.