दंड भरला की उशीर माफ?

"दंड लावा, लोक सुधारतात. बक्षीस लावा, लोक कामाला लागतात. यात एवढा काथ्याकूट कशाला?" कट्ट्यावर विषयाला तोंड फोडलं ते मंदारने.

"मग हैफातले पालक उलटे का वागले?" नीताने विचारलं.

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा हा अभ्यास ग्नीझी आणि रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत आणि तोवर शिक्षिकांना थांबून राहावं लागे. दहापैकी सहा ठिकाणी, दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर दहा शेकेल (शेकेल हे इस्रायलचं चलन) दंड बसवला. उशीर वाढत गेला आणि जवळजवळ दुपटीवर जाऊन थांबला. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर कमी झाला नाही.

"दहा शेकेल म्हणजे किरकोळ रक्कम. शंभर लावले असते तर सगळे वेळेवर आले असते," मंदार म्हणाला.

आले असतेही, हे नीताने लगेच मान्य केलं. तिचं म्हणणं असं की दंडाआधी पालकांना एक धाक होताच: आपल्यापायी कुणीतरी ताटकळतंय, हा संकोच. दंड आला आणि संकोच गेला, कारण आता जादा वेळेचे पैसे मोजले जात होते. आधीच्या संकोचापेक्षा दंड जड नसेल, तर तो लावण्यात तोटाच आहे. बक्षिसाचंही तसंच. त्याच दोघा अर्थतज्ज्ञांनी विद्यार्थ्यांना पन्नास प्रश्नांची चाचणी दिली. बरोबर उत्तराला जादा काहीच न मिळणाऱ्यांची सरासरी सुमारे २८ आली, दर उत्तरामागे एक शेकेल मिळणाऱ्यांची सुमारे ३५, आणि शेकेलचा दहावा हिस्सा मिळणाऱ्यांची फक्त २३. चिल्लर मोबदला देण्यापेक्षा काहीच न देणं बरं, असा याचा अर्थ.

इक्बालला मात्र रकमेवरचा हा सगळा भरच खटकत होता. "शिक्षा किती मोठी, यापेक्षा ती चुकत नाही ना आणि लगेच होते ना, हे बघा. इटलीतल्या बेकारिया या विचारवंताने हे १७६४ सालीच लिहून ठेवलंय." दहा वेळा नियम मोडून एकदाच सापडलेला माणूस नऊ वेळा सुटलेला असतो, आणि प्रत्येक सुटका हेच एक बक्षीस असतं. आणखी एक चूक घराघरांत होते: आधी समज, मग दटावणी, मग छोटी शिक्षा, मग मोठी. पायरीपायरीने वाढणारी शिक्षा अंगवळणी पडते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं आहे. म्हणून शिक्षा सौम्य ठेवायची तर ठेवा, पण पहिल्या दिवशी आणि विसाव्या दिवशी ती तीच असली पाहिजे.

"आणि शिक्षा काय शिकवते?" शैला मध्येच बोलली. "हे करू नकोस, एवढंच. त्याऐवजी काय कर, हे शिकवत नाही."

इथे चर्चा बराच वेळ रेंगाळली, आणि ते योग्यच झालं. शैलाने किंचाळणाऱ्या मुलाचं उदाहरण घेतलं. मूल लक्ष वेधायला किंचाळतं. आई ओरडते, म्हणजे मुलाला हवं ते लक्ष मिळतं. आपण शिक्षा समजतो ते त्याच्या हिशेबी बक्षीस असतं. मग कुणीतरी सांगतं की दुर्लक्ष करा. दुर्लक्ष सुरू केलं की पहिले काही दिवस किंचाळणं वाढतंच. हे अपेक्षित असतं, पण ते आधी कुणी सांगितलेलं नसतं. पाचव्या दिवशी आई हरते आणि जवळ घेते. मूल दोन गोष्टी शिकतं: अजून मोठ्याने ओरडावं लागतं, आणि कधीतरी फळ मिळतंच. अधूनमधून फळ मिळालेली सवय दरवेळी मिळालेल्या सवयीपेक्षा मोडायला कितीतरी कठीण. त्यामुळे शेवटपर्यंत टिकणार नसाल तर दुर्लक्षाचा उपाय सुरूच करू नका. आणि सुरू केलात तर त्याच दिवसापासून दुसरी वाट उघडून द्या: मुलाने नीट हाक मारली की काही सेकंदांत, आणि सुरुवातीला दरवेळी, वळून बघा. ही दुसरी बाजू राहून जाते आणि मग उपायच खोटा ठरवला जातो.

"म्हणजे बक्षीसच चांगलं," मंदार म्हणाला.

त्यावर नीताने १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग काढला. चित्रं काढण्याची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं. काहींना आधीच सांगितलं की स्केचपेनने चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं. काहींना दिलंच नाही. एकदोन आठवड्यांनी पेनं पुन्हा समोर ठेवली, कसलंही बक्षीस नाही. आधी कबूल केलेल्या गटातली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांवर घालवत होती. अवचित मिळालेल्या बक्षिसाने मात्र काही बिघडलं नव्हतं.

हे ऐकून "बक्षीस आवड मारतं" असं सरसकट म्हणू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जिथे आवड नव्हतीच तिथे मरणार काय? इक्बालने दिलेलं उदाहरण याला नेमकं लागू पडतं. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या व्यसनींसाठी केलेली योजना अशी: आठवड्यातून तीनदा लघवीची तपासणी. पहिला नमुना स्वच्छ निघाला की अडीच डॉलरचं कुपन, पुढच्या प्रत्येक स्वच्छ नमुन्याला सव्वा डॉलर वाढ, सलग तीन स्वच्छ निघाले की वर दहा डॉलर. नमुना चुकवला किंवा त्यात कोकेन सापडलं, की पुन्हा अडीचवर. पण सलग पाच स्वच्छ दिले की आधीची पायरी परत. रोख पैसे हातात नाहीत, कुपनावर वस्तू. यातली शेवटून दुसरी अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते: घसरलेल्या माणसाला परतीची वाट मोजून दिलेली आहे, नाहीतर एकदा घसरल्यावर तो सोडूनच देतो.

"निकालाला बक्षीस द्यायचं की कृतीला?" मंदारचा हा प्रश्न चांगला होता. अमेरिकन अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांच्या प्रयोगांत न्यूयॉर्कच्या मुलांना परीक्षेतल्या गुणांसाठी पैसे दिले, फरक पडला नाही. डॅलसमध्ये दुसरीतल्या मुलांना वाचलेल्या पुस्तकामागे दोन डॉलर दिले, तिथे वाचनाची समज सुधारली. पुस्तक वाचणं मुलाच्या हातात असतं. गुण कसे वाढवायचे हे त्याला ठाऊकच नसतं.

राहिला प्रश्न बक्षीस थांबवण्याचा. नीताचं उत्तर: एकदम नाही. दरवेळी देत होतात तर आधी दोनतीनदा मिळून एकदा द्या, तेही अंदाज येणार नाही असं. ते टिकलं की आणखी विरळ करा. थेट दहाव्या वेळेवर उडी मारलीत तर वागणूक कोसळते. तसं झालं तर शेवटच्या टिकलेल्या पायरीवर परत या. इक्बालला एवढं पुरेसं वाटलं नाही. कुपनं बंद झाल्यावर काही जण व्यसनाकडे परततात, म्हणून हिगिन्स यांच्या उपचारात कुपनांच्या जोडीला समुपदेशनही होतं: नोकरी शोधायला मदत, घरच्यांशी संबंध सावरणं, व्यसनाशिवायचे छंद. कुपनं संपायच्या आत यातलं निदान एक तरी माणसाला गवसलेलं असावं लागतं.