माणूस हवाय, माणूस!

रिचार्जचे पैसे दोनदा कापले गेले, एवढीच माझी तक्रार. ती ऐकून घ्यायला चॅटबॉट बसवलेला. ‘तुमचा मनस्ताप मी समजू शकते,’ ती म्हणाली. (चॅटबॉट बहुतेक वेळा ‘ती’च का असते, हा वेगळा वाद.) मनस्ताप समजला, तक्रार काही केल्या समजेना. मग मी वाक्यं छाटायला घेतली. ‘अहो, झालं काय की’ गेलं, ‘बघा ना’ गेलं, मागोमाग क्रियापदंही गेली. शेवटी ‘पैसे दोनदा कट’ एवढाच सांगाडा उरला आणि तो तिला चटकन कळला. माणसासारखं बोलायला ती शिकली नव्हती. तिच्यासारखं बोलायला मी शिकलो होतो.

यंत्राने लेखी संभाषणात माणसाला चकवलं तर त्याला विचार करता येतो असं का म्हणू नये, असं ब्रिटिश गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५० साली सुचवलं. त्यांच्या निबंधातल्या नमुना संवादात ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारली आहे. उत्तर देणारा तीसेक सेकंद घेतो आणि १०५६२१ सांगतो. चक्क शंभराने चुकलेलं! म्हणजे माणूस म्हणून खपायचं तर वेळ लावा आणि वर चुका. या कसोटीवर आमचं अख्खं ऑफिस पहिल्या श्रेणीत पास.

तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० साली एक खोली कल्पिली. आत चिनी भाषेचा गंधही नसलेला माणूस. बाहेरून चिनी चिठ्ठ्या येतात, तो नियमांचं पुस्तक बघून चिनी उत्तरं सरकवतो. बाहेरच्यांना वाटतं, आत पंडित बसलाय! यंत्राचंही तसंच, उत्तरं देतं पण समजत काही नाही, असं सर्ल यांचं म्हणणं. मला हे सगळं फार पुस्तकी वाटायचं. पण बॉटने ‘प्रतिनिधीशी जोडून देते’ म्हटलं आणि त्या खोलीतला माणूस मला साक्षात भेटला.

‘नमस्कार सर, तुमचा मनस्ताप मी समजू शकतो.’

लिंग बदललं, बाकी तेच.

‘तुम्ही माणूस आहात ना?’

‘मी आपल्या मदतीसाठीच इथे आहे.’

यंत्राच्या तोंडीही खोटं ठरणार नाही असं उत्तर. बिचाऱ्यापुढे छापील वाक्यांचा तक्ता असणार. मग मी ट्युरिंग यांचीच बेरीज टाकली. तीन टिंबं हलली, थांबली, परत हलली.

‘कशाला सर?’

आणि लगेच, ‘वरचे लोक चॅट तपासतात हो, तक्रारीचं बोला.’

मी इतका हरखलो, की तक्रार तशीच ठेवून त्याला पाच तारे देऊन टाकले. पैसे अजून आलेले नाहीत.