हंस आमच्याही रानात उतरतात

गेल्या रविवारी दादाचा फोन आला. पैठणच्या वरच्या अंगाला, नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठाशी आमची गाळपेर आहे. पाणी मागे सरलं की ओल्या गाळात हरभरा टाकायचा. "पट्टकदंबांनी दोन एकर साफ केलं," दादा म्हणाला. हे हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, रात्री रानात उतरतात. सकाळी बघावं तर कोवळे शेंडे खुडलेले आणि गाळात हिरवट लेंड्या. लहानपणी बाबांबरोबर डबा वाजवत मीही रात्री जागवल्या आहेत.

मी राहते नेदरलँड्समध्ये, वाल नदीकाठच्या नायमेखनला. इथेही हिवाळ्यात रशियाच्या उत्तरेकडून हंस येतात आणि शेतकऱ्यांचं गवत फस्त करतात. शेतकरी कुरकुरतो, पण अर्ज भरतो. मग पाहणी होते आणि प्रांताकडून भरपाई मिळते. हंसांचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी पडत नाही.

आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या वाद आहे तरंगत्या सोलरचा. धरणाच्या पाण्यावर पॅनल आले तर रोजगार येईल, असं एका बाजूचं म्हणणं. पक्षी जातील, मासेमारी बुडेल, असं दुसऱ्या बाजूचं. मच्छीमार कहार समाजाची समिती हरित लवादाकडे गेली होती. 2024 मध्ये तिथे दाद मिळाली नाही, 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अर्ज फेटाळला. मला वीज हवी आहे आणि पक्षीही हवेत. पण "पॅनल की पक्षी" एवढ्यावरच आपण भांडत राहिलो तर खोऱ्याचा विचार कोण करणार?

जायकवाडी पक्षी अभयारण्य 1986 मध्ये झालं, सुमारे 341 चौरस किलोमीटरचं. त्याची हद्द पाण्याभोवती आखलेली आहे. पक्षी ती पाळत नाहीत. दिवसा उथळ काठाला, रात्री आमच्या हरभऱ्यात. त्याच गोदावरीवर वर, नाशिक जिल्ह्यात, नांदूर मध्यमेश्वर आहे. 2019 मध्ये त्याला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, राज्यात सगळ्यात आधी. नदी एक, अभयारण्यं दोन, आणि मधल्या पट्ट्यात ऊस, पाण्याच्या मोटारी, वाळूउपसा. वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावर नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा वाद होतो. तो व्हायलाच हवा, आमची तहान खरी आहे. पण त्या वादात मासा आणि पाखरू यांचं नाव मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

इथे नेदरलँड्समध्ये 1995 मध्ये पुराच्या भीतीने अडीच लाख माणसं हलवली होती. त्यानंतर नद्यांना जागा द्यायचं ठरलं. नायमेखनसमोर लेंटला बांध 350 मीटर मागे घेतला, नदीसाठी नवा प्रवाह खोदला. त्यासाठी पन्नासेक घरं पाडली. ते दुःख लोक अजून सांगतात, मी ते झाकणार नाही. पण ओव्हरडीप नावाच्या भागात शेतकऱ्यांनी स्वतःच आराखडा मांडला: पुराचं पाणी आमच्या रानातून जाऊ द्या, आम्ही उंचवट्यांवर गोठे आणि घरं बांधतो. सरकारने तो मान्य केला.

हा देश श्रीमंत आहे, हे मला कळतं. पण शेतकऱ्याला आधी विचारायला काही तिजोरी लागत नाही. आमच्या आजोबांचं गाव नाथसागराखाली आहे. धरण झालं तेव्हा त्यांना सांगितलं गेलं, विचारलं नाही. अभयारण्य झालं, पॅनलचं ठरलं, तेव्हाही आमच्या घरापर्यंत कुणी आलं नाही. नांदूरपासून पैठणपर्यंतचं खोरं एक धरून आराखडा करायचा तर गाळपेरवाले आणि कहार पहिल्या बैठकीपासून हवेत. हंसांनी खाल्लेल्या हरभऱ्याची भरपाई पहिल्या पानावर हवी. ती मिळाली तर डबा वाजवणारा माणूसच त्या हंसांची राखण करेल, बाबांना ओळखत असल्यामुळे मला याची खात्री आहे.

दादाला म्हटलं, रोज सकाळी किती हंस, किती रान गेलं ते वहीत लिहीत जा. काल त्याचा फोटो आला. खुडलेल्या हरभऱ्याची ओळ, गाळात उमटलेली पावलं, आणि मापाला शेजारी ठेवलेली त्याची चप्पल.