गेडी लीची 'सहीवाली' बास : खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या वादकांच्या ग्रुपवर एका काळ्या बास गिटारचा फोटो फिरतोय. खाली मजकूर असा : कॅनडाच्या रश या रॉक बँडचा बासवादक गेडी ली याने स्वतः वाजवलेली १९७२ ची बास, मागे त्याची सही आहे, आजच टोकन द्या.

हे खरं नाही. गेडी लीची १९७२ ची, फेंडर कंपनीची जॅझ बास ही वेगळी. ती त्याने अमेरिकेतल्या कॅलामाझू शहरात, गहाणवटीच्या दुकानातून साधारण २०० डॉलरला घेतली होती. तिच्याच धर्तीवर फेंडरने १९९८ मध्ये त्याच्या नावाचं मॉडेल काढलं, तेव्हा ते जपानमध्ये बनायचं. काळी बॉडी, मेपल लाकडाची फिकट मान, तिच्यावर काळे चौकोनी ठोकळे, भक्कम ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग). फोटोत दिसतं ते हेच. ही बास दुकानात कुणालाही विकत मिळायची, आणि हेडस्टॉकमागची (मानेच्या टोकाला खुंट्या असतात त्या भागामागची) सही कारखान्यातच छापलेली असते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बासशी ताडून बघा, अक्षराचं वळण न् वळण जुळेल.

वाद्य वाईट आहे असं मुळीच नाही. जपानी बनावटीची ही बास फार सुरेख वाजते, माझी आवडती आहे. पण गणपतीतल्या कार्यक्रमांचे पैसे साठवून आपली पोरं वाद्य घेतात, त्यांच्याकडून कलाकाराच्या नावाचा भाव उकळणं मला सहन होत नाही. आधी सिरीयल नंबरचा आणि हेडस्टॉकच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागा, मान नीट बघा, मग जुन्या वाद्याचा जो भाव असेल तोच द्या. टोकन दिलं असेल तर हा खुलासा दाखवून परत मागा.