पेशी

काल नरकचतुर्दशीला माझ्या तीन चकल्या गेल्या. आकडा लहान वाटेल, पण भाजणी आईच्या हातची होती, डब्यात मोजून नऊच होत्या आणि या दिवाळीत मला दुसरं सुख कुठलंच नाही. मेस धनत्रयोदशीपासून बंद. चहाचं मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलंय. वसतिगृहाच्या सोलरला आभाळ आलं की पाणी तापत नाही, त्यामुळे अभ्यंगस्नानही गारच. प्रयोगशाळेतला इनक्युबेटर मात्र बरोब्बर ३७ अंशांवर. आत माझ्या पेशी ऊब खात बसलेल्या. त्यांना दर दोन-तीन दिवसांनी ताजं खाद्य लागतं. गुलाबी द्रव पिवळा पडू लागला की समजायचं, बाईसाहेब उपाशी आहेत.

सुट्टीत आत जायचं तर फाटकावर रजिस्टरात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'पेशी'.

"पेशी?" चौकीतल्या काकांनी चष्मा वर केला. काका अमरावतीकडचे. "आज तं कोर्ट बंद राहते ना मॅडम."

"कोर्टाची नाही हो काका, कॅन्सरची."

काकांचा आवाज एकदम खाली आला. "कोनाले झाला?"

"एका अमेरिकन बाईंना. हेन्रिएटा लॅक्स."

"आता बऱ्या हायेत ना?"

"त्या १९५१ सालीच वारल्या."

काका जरा वेळ रजिस्टरकडे बघत राहिले. "मंग पेशी काहून चालू हाये अजून?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण सकाळपासून कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. सर गावी गेलेत, त्यांचा निरोप एवढाच : 'शुभ दीपावली. पेशी कशा आहेत?' मी कशी आहे, तीन महिने न आलेलं विद्यावेतन कसं आहे, याची चौकशी नाही. म्हणून काकांना सगळं सांगितलं. बाल्टिमोरच्या इस्पितळात बाईंना न विचारताच गाठीचा तुकडा काढला, त्यातल्या पेशी मरेचनात, दिवसाला दुप्पट होत जगभर गेल्या, घरच्यांना वीस-बावीस वर्षांनी कळलं आणि एका कंपनीशी वारसांचा दावा मिटला तो थेट २०२३ साली.

"बहात्तर वर्षं!" काकांनी खुर्ची पुढे ओढली. "आमच्या वावराची पेशी आज्यापासून चालू हाये. आजा गेला, बाप गेला, वकीलबी गेला. भांडन कायचं, तं दोन हात धुऱ्याचं. मानूस मरते मॅडम, पेशी नाही मरत." मग चुलतभावाने उपटलेला दगड, तो बघायला आलेला तलाठी, तलाठ्याने खाल्लेलं जेवण. वरणात तूप किती होतं तेही. चाळीस मिनिटं.

"आन् डब्यात काय हाये?"

आत खायचं नेता येत नाही, हे खरंच आहे. डबा चौकीत जमा झाला. काकांनी रीतसर नोंद केली : मुद्देमाल, चकल्या ९, करंज्या ४.

१९२८ साली फ्लेमिंगसाहेब जिवाणूंच्या बश्या टेबलावर तशाच टाकून सुट्टीवर गेले. सप्टेंबरात परतले तर एका बशीत बुरशी. तिच्यातून पेनिसिलिन निघालं आणि १९४५ला नोबेल. मी सुट्टीवर गेले आणि माझ्या बशीत बुरशी आली, तर सर सगळ्यांसमोर विचारतील, "हात धुता का तुम्ही?" म्हणून मी सुट्टी घेत नाही. म्हणून मला नोबेल नाही.

दोन तासांनी बाहेर आले. करंज्या चार. चकल्या सहा. रजिस्टरात नवाचे सहा झाले होते, निळ्यावर काळ्या पेनाने, चांगलं दाबून. मेस काकांचीही बंदच होती, बारा तासांची ड्यूटी होती, सगळं मान्य. मागितल्या असत्या तर मी दिल्याही असत्या. दोन.

"सही करा," काका म्हणाले. मी केली.

"पुढची पेशी कधी?"

"परवा. पाडव्याला."

"मंग लाडू आनजा," काका म्हणाले. "चकली जराशी कडक हाये."